वाचकांचे प्रश्न : दंड भरून सुटलो, मग नोकरीत अडतं कुठं?

मागच्या अंकात चारित्र्य पडताळणीबद्दल मी चारच ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांचा प्रश्न एकच, जुनी केस कायमची झाकता येते का. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून त्यातल्या त्यात वेगवेगळी पत्रं निवडली आहेत, नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न (इचलकरंजी) : मॅडम, प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे. २०१९ ला गणपतीत गल्लीत पत्ते खेळत बसलेले असताना पोलिसांनी सहा जणांना उचललं आणि जुगाराची केस केली, जुगारबंदी कायद्याचं कलम बारा अ. तारखेला कोर्टात गेलो तर वकील म्हणाले कबूल कर, दंड भर, विषय संपव, उगाच चार वर्षं तारखा कशाला. तीनशे रुपये भरले आणि दुपारी जेवायला घरी. आता त्याला एका सिक्युरिटी एजन्सीत गार्डची नोकरी लागत होती, ड्रेसचं माप पण घेतलं होतं, आणि पडताळणीत ते तीनशे रुपये निघाले. हे रेकॉर्ड सील करता येतं का? मोबाईलवर वाचलं की सात वर्षांनी आपोआप पुसलं जातं.

उत्तर : दादा, आधी वाईट बातमी सांगते. आपल्याकडे मोठ्या माणसाची दोषसिद्धी इतक्या वर्षांनी आपोआप झाकली जाईल असा कायदाच नाही. सात वर्षं नाही, सतरा वर्षं पण नाही. तुम्ही जे वाचलं ते बहुतेक अठरा वर्षांखालच्या मुलांच्या नियमातलं असणार (त्याबद्दलचं एक पत्र खाली आहे) आणि कुणीतरी ते सगळ्यांना लागू करून फॉरवर्ड केलंय.

आता तुमच्या भावाच्या बाबतीत नक्की काय झालं ते बघा, कारण हे मी कोर्टाच्या आवारात दर आठवड्याला बघते. लोकांच्या डोक्यात असं असतं की जेल झाली तरच शिक्षा, दंड म्हणजे काय ट्रॅफिकची पावतीच. तसं नाही हो. गुन्हा कबूल केला, मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दोषी धरलं आणि दंड लावला म्हणजे ती पूर्ण दोषसिद्धी झाली, मग दंड तीनशे असो नाहीतर तीस हजार. कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील करायचा रस्ता जवळजवळ बंदच असतो, फक्त शिक्षा कायद्यात बसते का आणि ती जास्त झाली का एवढ्यावरच बोलता येतं. त्या दिवशी जेवायला घरी गेलात ते बरं वाटलं असेल, पण खरं तर चार तारखा काढल्या असत्या तर पंचांची साक्ष टिकते का ते तरी कळलं असतं.

आणि नोकरी पण नेमकी गार्डची. खासगी सुरक्षा एजन्सीचा २००५ चा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या कलम १० मध्ये कोर्टाने दोषी ठरवलेल्या माणसाला गार्ड किंवा सुपरवायझर ठेवायचं नाही असं लिहिलंय. कोणता गुन्हा, किती जुना, काही भेद नाही. म्हणून एजन्सीवाल्यावर चिडू नका, त्याला त्याचं लायसन सांभाळायचं आहे.

इथे एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८ वाचा. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेला माणूस सुटल्यापासून सहा वर्षं निवडणूक लढवू शकत नाही. म्हणजे सातव्या वर्षी फॉर्म भरायला मोकळा! आमदाराच्या दोषाला मुदत आहे आणि त्याच आमदाराच्या बंगल्याच्या गेटवर उभं राहायचं असेल तर पत्त्याच्या डावाला मुदत नाही. यावर मी काय बोलू, तुम्हीच बघा.

बरं, आता करायचं काय. पहिलं काम, कोर्टात नकलेचा अर्ज करा आणि त्या निकालाची सर्टिफाईड कॉपी काढा. बऱ्याच लोकांनी आपला स्वतःचा निकाल कधी वाचलेलाच नसतो. त्यात प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट, १९५८ असा उल्लेख कुठे आहे का बघा. या कायद्यात कलम ३ खाली कोर्ट नुसती ताकीद देऊन सोडू शकतं, आणि कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड घेऊन, जास्तीत जास्त तीन वर्षांचा. आणि खरी चावी कलम १२ आहे, असं सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे दुसऱ्या कुठल्याही कायद्याने जी अपात्रता येते ती लागत नाही. सीलच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट आपल्याकडे हीच आहे. पण तुम्ही दंड भरला म्हणताय, त्यामुळे ते मिळालेलं नसणार असं मला वाटतं, कारण ते मागावं लागतं आणि कबुलीच्या घाईत कुणी मागत नाही.

आणि ते मिळालं असतं तरी दोष पुसला गेला असता असं समजू नका. सुप्रीम कोर्टाने हे परत परत सांगितलंय की कलम १२ ने अपात्रता जाते, दोष घडला ही गोष्ट जात नाही, खातं चौकशी करू शकतं. तरी उपयोग कसा होतो त्याचं एक उदाहरण देते. दिल्ली दूध योजनेतला शंकर दास नावाचा कॅश क्लार्क, पाचशे रुपयांच्या अफरातफरीची केस, पैसे त्याने परत भरलेले, घरात एकामागून एक संकटं. त्याने गुन्हा कबूल केला, मॅजिस्ट्रेटने प्रोबेशनवर सोडलं आणि खात्याने नोकरीवरून काढलं. १९८५ ला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितलं की कलम १२ मुळे खात्याचे हात बांधले जात नाहीत हे खरं, पण शिक्षा करायचा अधिकार असला म्हणून ती वाटेल तशी करायची नसते, आणि माणसाला परत कामावर घ्यायला लावलं. म्हणजे दार कायद्याने पूर्ण उघडलं नव्हतं, पण मॅजिस्ट्रेटने जो शब्द लिहून ठेवला होता त्याचा धागा पकडून आत जाता आलं.

भावाला सांगा की गार्डचं सोडून दे. सुताचं सायझिंग, कापडाचं प्रोसेस, टेम्पो, दुकान, गोडाऊन, कुठेच अशी कायद्याची बंदी नाही, मालकाच्या मर्जीचा प्रश्न आहे. आणि कबुली नीट समजावून न सांगता घेतली असेल तर सेशन्स कोर्टात रिव्हिजनचा, म्हणजे निकाल वरच्या कोर्टाकडून तपासून घ्यायचा, विचार होऊ शकतो, उशीर माफ करून घ्यावा लागेल, आशा फार ठेवू नका पण वकिलाला निकाल दाखवून विचारा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, १५१०० ला फोन केला तरी सांगतात.

आणि गल्लीतल्या बाकीच्या पोरांसाठी, कुणाचा खटला अजून चालू असेल तर कबूल करायच्या आधी वकिलाला एवढंच विचारा, "साहेब, प्रोबेशनचा अर्ज देता येईल का?" पहिलाच गुन्हा असेल आणि शिक्षा दोन वर्षांच्या आतली असेल तर मागायला हरकतच नाही. वकील म्हणाले की कशाला, दंड भरून मोकळा हो, तर परत विचारा.

प्रश्न (मुंबई, लालबाग) : दोन वर्षांपूर्वी चाळीत मारामारी झाली तेव्हा दोन्ही पार्टीवर चॅप्टर केस टाकली होती, एसीपी साहेबांसमोर बॉण्ड लिहून दिला. आता पोलीस भरतीचा फॉर्म भरतोय, तर लिहायचं का? मित्र म्हणतात लिहिलंस की गेलास.

उत्तर : चॅप्टर केस म्हणजे शांतता राखीन म्हणून घेतलेला बॉण्ड. ती दोषसिद्धी नाही, तिच्यात कुणी तुला गुन्हेगार ठरवलेलं नाही. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, ते कलम १०७ होतं, आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १२६ आहे.

पण लिहायचं का हे तुझ्या मनावर नाही, फॉर्मच्या शब्दांवर आहे बाळा. साक्षांकन नमुना (पूर्वचारित्र्याची माहिती भरून द्यायचा फॉर्म) समोर ठेव आणि एकेक शब्द बोट ठेवून वाच. "दोषी ठरला आहात का" हा एक प्रश्न झाला. "अटक झाली होती का" हा वेगळा, "गुन्हा दाखल आहे का" वेगळा, "खटला प्रलंबित आहे का" वेगळा, आणि काही फॉर्ममध्ये "प्रतिबंधक कारवाई झाली होती का" हे पण असतं, ते असेल तर तुझं उत्तर हो आहे. जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्यायचं, जे विचारलेलं नाही ते आपणहून ओतायचं नाही. हे माझं मत नाही, अवतार सिंग खटल्यात २०१६ ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी हेच सांगितलं. फॉर्म मोघम असेल तर त्याचा दोष उमेदवाराच्या माथी मारता येत नाही, जे नेमकं विचारलं तेवढंच सांगायला तो बांधील. मात्र जे विचारलं ते लपवलं तर लपवणं हेच नोकरी घालवायला पुरेसं कारण होऊ शकतं, मूळ केस कितीही किरकोळ असली तरी. त्याच निकालात किरकोळ गोष्ट असेल, म्हणजे तरुणपणी घोषणा दिल्या वगैरे, तर मालकाने लपवणं माफ करावं असंही म्हटलंय, आणि २०२२ च्या पवन कुमार खटल्यात लपवलं म्हणून डोळे झाकून काढून टाकता येत नाही असं सांगितलं. पण ते सगळं हायकोर्ट सुप्रीम कोर्टाची पायरी चढल्यावर. तुला पायरी चढायचीये की ड्युटीवर जायचंय?

मित्रांचं एक बरोबर आहे, खरं लिहूनसुद्धा नोकरी मिळेलच अशी हमी नाही, पूर्वचारित्र्य बघायचा हक्क खात्याला राहतोच. पण खरं लिहून नाकारलं तर भांडायला जागा राहते. लपवून सापडलास तर वकीलच आधी कपाळाला हात लावतो.

प्रश्न (नाशिक) : शेजाऱ्याशी भांडणाची केस होती, जुन्या भारतीय दंड विधानाची कलमं ३२३ (मारहाण) आणि ५०४ (अपमान करून डिवचणं). लोकअदालतीत तडजोड झाली. तरी भाड्याने घर घेताना आणि मग कंपनीत पण पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये "केस पेंडिंग" असं आलं. मी काय आयुष्यभर कागद घेऊन फिरू?

उत्तर : काही वर्षं तरी हो, फिरा. गमतीने नाही म्हणत, सर्टिफाईड कॉपीच्या चार झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये स्कॅन ठेवाच.

तडजोडीने मिटलेल्या केसचा अर्थ कायद्याने निर्दोष मुक्तता असाच होतो. त्यामुळे कुणी "दोषी ठरलात का" विचारलं तर नाही हे खरं उत्तर आहे, "गुन्हा दाखल होता का" विचारलं तर होता आणि मिटला. पेंडिंग दिसतं त्याचं कारण साधं आहे, कोर्टाचा निकाल पोलीस स्टेशनच्या रेकॉर्डला वेळेत चढत नाही. एफआयआर कॉम्प्युटरवर चढवायला यंत्रणा आहे, उतरवायला तेवढी घाई कुणाला नसते. निकालाची प्रत जोडून पोलीस स्टेशनला नोंद अद्ययावत करा म्हणून लेखी अर्ज द्या, पोचेचा शिक्का घ्या, पंधरा दिवसांनी परत जा. तोंडी सांगून यायचं नाही. ज्यांच्या केसमध्ये आरोपपत्रच गेलं नाही आणि बी समरी किंवा सी समरी झाली (म्हणजे तपासानंतर केस बंद करा असा अहवाल पोलिसांनी कोर्टाला दिला) त्यांनी पण तसंच करावं, समरी कोर्टाने मंजूर केल्याची ऑर्डर काढून ठेवा, नुसतं "साहेब म्हणाले फाईल बंद झाली" यावर जाऊ नका.

बोटांचे ठसे वगैरे घेतले असतील तर २०२२ चा ओळख पटवण्याचा जो कायदा आहे त्यात ही मापं ७५ वर्षं ठेवायची तरतूद आहे, पण आधी कधी शिक्षा झालेली नसेल आणि माणूस निर्दोष सुटला, अपिलं पण संपली, तर ती नष्ट करायची आहेत, कोर्टाने वेगळं काही लिहून ठेवलं नसेल तर. हे पण अर्जात लिहा.

प्रश्न (बीड) : माझा मुलगा सोळाचा असताना मोटारसायकल चोरीत सापडला होता. बाल न्याय मंडळासमोर केस चालली, वर्षभर हजेरी दिली. आता एकवीसचा आहे, आयटीआय झालाय. कंपनीने पोलीस दाखला मागितलाय. झोप नाही मला.

उत्तर : ताई, आज झोपा. सगळ्या पत्रांत तुमचीच बाजू सगळ्यात भक्कम आहे.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत आपला कायदा खरंच पाटी कोरी करतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं की त्या प्रकरणामुळे मुलाला कुठलीही अपात्रता येणार नाही आणि अपिलाची मुदत किंवा ठरलेला काळ संपला की रेकॉर्ड नष्ट करायचं. सात वर्षांचा आकडा इथला, नियमांत रेकॉर्ड जास्तीत जास्त तेवढं ठेवा आणि मग नष्ट करा असं आहे. अपवाद एकच, सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला आणि त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालवला तर. मोटारसायकल चोरी त्यात बसत नाही.

आणि तुमच्या दाखल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं कलम ७४, त्यात स्पष्ट लिहिलंय की केस निकाली निघालेली असेल तर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी त्या मुलाचं रेकॉर्ड उघड करायचं नाही. म्हणजे दाखला कोरा यायला पाहिजे. नाही आला तर मंडळाच्या आदेशाची प्रत आणि हे कलम लिहून वरिष्ठांकडे अर्ज करा, तुमच्याकडचे जिल्हा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी मदत करतील, ती त्यांची कामं आहेत. फॉर्ममध्ये विचारलं तर काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. २०१९ ला सुप्रीम कोर्टासमोर सीआयएसएफच्या (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या) भरतीतलं असंच प्रकरण आलं होतं, अल्पवयात झालेल्या केसचं, आणि कोर्टाने उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला. तरी फॉर्म भरायच्या आधी एकदा मला किंवा दुसऱ्या कुणा वकिलाला दाखवा.

मुलाला एक मात्र सांगा, गावात कुणाला ही गोष्ट रंगवून सांगत बसू नको. कायदा फाईल जाळू शकतो, पारावरच्या लोकांचं काय करणार.

प्रश्न (पुणे, कोथरूड) : आमचा भाचा अमेरिकेत न्यूयॉर्कला असतो, ग्रीन कार्ड आहे. कॉलेजात असताना दुकानातून वस्तू उचलल्याची केस होऊन दोषी ठरला होता. तिकडे म्हणे आता असे रेकॉर्ड आपोआप सील होतात. मग काळजी मिटली ना?

उत्तर : नोकरीपुरती बरीचशी मिटेल, इमिग्रेशनपुरती नाही.

अमेरिकेत याला क्लीन स्लेट कायदे म्हणतात. २०१८ ला पेनसिल्व्हेनियाने पहिला केला, मग युटा, मिशिगन अशी राज्यं आली. न्यूयॉर्कचा कायदा १६ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाला, किरकोळ गुन्ह्याला तीन वर्षं आणि मोठ्याला आठ वर्षं नवीन भानगड न करता गेली की सील, लैंगिक गुन्हे आणि खुनासारखे सगळ्यात गंभीर गुन्हे सोडून. यंत्रणा उभी करायला कोर्टांना तीन वर्षं दिली आहेत त्यामुळे त्याचं रेकॉर्ड आज झाकलं गेलं असेलच असं धरू नका. सील म्हणजे जाळणं पण नाही, पोलीस, कोर्ट आणि काही खास नोकऱ्यांच्या तपासणीत ते उघडतं. ब्रिटनमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे. आपल्याकडे मोठ्या माणसांसाठी असा कायदा नाही.

पण भाच्याला ठणकावून सांगा, सिटिझनशिपच्या अर्जात सील झालेली केस पण सांगावी लागते, इमिग्रेशन कायद्याला राज्याचं सील मान्य नाही. तिथे "माझं तर सील झालंय" म्हणून नाही लिहिलं तर चोरीपेक्षा खोटं बोलणं महागात पडतं. आधी इमिग्रेशन वकील, मग फॉर्म.

प्रश्न (भोसरी) : माझं लाकडी पॅकिंगचं छोटं युनिट आहे, क्रेट आणि पॅलेट बनवतो, बारा माणसं. एकजण कामाला येऊ बघतोय, हात चांगला आहे, सुतारकाम येरवड्याला आत शिकला असं त्याने स्वतःच सांगितलं. मारामारीत माणूस जखमी झाला होता, सात वर्षं काढून आला. बायको नको म्हणते. कायद्याने काही अडचण येते का?

उत्तर : कायद्याने काहीच अडचण नाही. तुमच्यासारख्या युनिटला शिक्षा भोगून आलेला कामगार ठेवायला बंदी नाही, पीएफ ईएसआय सगळं नेहमीसारखं काढायचं. त्याच्याकडून कारागृहातून सुटल्याचा दाखला बघून घ्या, म्हणजे शिक्षा पूर्ण झाली आहे की पॅरोल फर्लोवर, म्हणजे तात्पुरत्या रजेवर, बाहेर आलाय ते कळेल, पॅरोलवर असेल तर ठरल्या तारखेला परत जावं लागतं आणि तुमची ऑर्डर मध्येच अडकेल.

वहिनींची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण त्याने न विचारता सांगितलं, याचं वजन धरा. तो गप्प बसला असता तर तुम्ही बारा माणसांच्या युनिटसाठी पोलीस पडताळणी करायला गेला असतात का? मी या कामात बरीच वर्षं आहे, सुटून आलेल्या माणसाला पहिले सहा महिने काय त्रास होतो ते बघितलंय. राहायला खोली मिळत नाही, आधार बँक सगळं बंद पडलेलं, जुने दोस्त मात्र पहिल्याच दिवशी गाडी घेऊन गेटवर. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा प्रयास म्हणून प्रकल्प १९९० पासून अशा लोकांना कामाला लावतो, तिथल्या माणसांशी बोलून बघा, मालकाने काय काळजी घ्यावी ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

माझ्याकडून व्यवहाराच्या दोन गोष्टी. पगार दुसऱ्या सुताराला देता तेवढाच द्या, "आतून आलाय म्हणून" दोन हजार कमी करू नका, तो ऐकून घेईल पण लक्षात ठेवेल. आणि त्याची जुनी केस बाकीच्या बारा जणांना तुम्ही सांगू नका, सांगायची की नाही ते त्याचं त्याला ठरवू दे. सुपरवायझरला माहीत असेल तर त्यालाही आजच सांगून ठेवा, चहाच्या टपरीवर नको म्हणून.